शस्त्रवैद्याचा शोध : १७९३ चे नाक आणि आजचे जठर

१. पुण्याहून नाशिककडे निघाले की राजगुरुनगर मागे पडते आणि अवसरी घाटाच्या अलीकडे पेठ लागते. सातगाव पठारावरचे हे गाव पावसाळी बटाट्यासाठी ओळखले जाते. अशा गावातील एखाद्या माणसाने वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार केला, तर त्याच्यापुढचा पहिला प्रश्न साधा असतो : सर्जन कोठे शोधावा, आणि तो चांगला आहे हे ओळखावे कसे? प्रश्न आजचा वाटतो. परंतु पुणे प्रांतात तो सव्वादोनशे वर्षांपूर्वीही विचारला गेला होता. ही त्या शोधाची कहाणी.

२. तिसऱ्या इंग्रज–म्हैसूर युद्धात इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकणारा एक मराठी शेतकरी होता. इंग्रजी कागदांत त्याचे नाव कावसजी असे आले आहे. तो टिपू सुलतानाच्या सैन्याच्या हाती लागला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षभराहून अधिक काळ तो नाकाविना राहिला. त्या काळी कापलेले नाक ही केवळ जखम नव्हती, ती जन्मभर चेहऱ्यावर बाळगायची बेअब्रू होती.

३. पुण्याजवळच्या एका कारागिराने त्याला नवे नाक दिले. मेणाच्या पातळ पत्र्याचे नाक घडवायचे, तो पत्रा कपाळावर सपाट पसरायचा, त्याभोवती रेघ ओढायची आणि तेवढी कातडी सोडवून खाली वळवायची. दोन भुवयांमधला कातडीचा देठ मात्र तोडायचा नाही, कारण त्यातूनच रक्त पोहोचते. नवे नाक रुजले की सुमारे पंचविसाव्या दिवशी तो देठ छेदायचा. मुंबई इलाख्यातील थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या दोन इंग्रज डॉक्टरांनी अशी शस्त्रक्रिया स्वतः पाहिली होती.

४. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने हा वृत्तान्त चित्रासह छापला. सवाई माधवरावांचे आणि नाना फडणविसांचे चित्र काढणाऱ्या जेम्स वेल्सनेच कावसजीचेही चित्र काढले होते. रुग्णाचे नाव, चेहरा, शस्त्रक्रियेची रीत, साक्षीदारांची नावे असे सारे त्यात आहे. नाही ते एकच : शस्त्रवैद्याचे नाव. ‘वीट करणाऱ्या जातीचा माणूस’ एवढीच त्याची ओळख इतिहासाने ठेवली. म्हणजे बहुधा कुंभार.

५. पुढे १८१४ साली जोसेफ कार्प्यू या सर्जनने हीच रीत लंडनमध्ये वापरली आणि आधुनिक प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात पुण्याच्या त्या निनावी माणसाला जागा मिळाली. त्याची पारख कशी झाली असेल? त्याच्यापाशी पदवी नव्हती, पाटी नव्हती. त्याने जोडलेली नाके गावोगाव फिरत होती, हेच त्याचे प्रमाणपत्र. नाकाची परीक्षा चार आठवड्यांत होत असे आणि ती कोणालाही डोळ्यांनी करता येत असे.

६. वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेचे तसे नाही. ती पोटाच्या आत होते. शेजाऱ्याला दिसतो तो सैल झालेला सदरा. कमी झालेले लोह, ठिसूळ होणारे हाड किंवा पाच वर्षांनी परतलेले वजन त्याला दिसत नाही. या जठराची परीक्षा व्हायला दहा वर्षे लागतात. म्हणून येथे शस्त्रवैद्य शोधणे याचा अर्थ कापणारा हात शोधणे एवढाच नाही. कापण्याआधी थांबवणारा आणि कापल्यावर वर्षानुवर्षे विचारपूस करणारा माणूस शोधणे असा आहे. या शस्त्रक्रियेचा सारा इतिहास हेच सांगतो.

७. लठ्ठपणा हा आजार आहे, ही जाणीव मात्र जुनी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ‘अष्टौनिन्दितीय’ नावाचा अध्याय आहे. समाज ज्यांची निंदा करतो अशी आठ प्रकारची शरीरे त्यात सांगितली असून, अतिस्थूल आणि अतिकृश यांवर विशेष विवेचन आहे. या दोहोंत कृश माणूस बरा, कारण स्थूल माणसावर उपचार करणे अधिक कठीण, असे चरक नोंदवतो. आळशीपणाचा शिक्का मारून मोकळे होणाऱ्यांनी हे लक्षात घेण्याजोगे आहे : प्राचीन वैद्यालाही हा रोग सोपा वाटला नव्हता.

८. पण दख्खनच्या खेड्यांचा इतिहास लठ्ठपणाचा नाही, भुकेचा आहे. १८७६–७८ चा दुष्काळ पुणे जिल्ह्यानेही भोगला. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली, सुकडी आणि परदेशी मिलो ज्वारी खाऊन दिवस काढलेली पिढी आजही गावोगाव आहे. मग त्याच मातीत मधुमेह आणि सुटलेली पोटे एवढ्या वेगाने कशी आली? या प्रश्नाचे एक महत्त्वाचे उत्तर पुण्यातूनच जगाला मिळाले.

९. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत गर्भवतींचा दीर्घ अभ्यास सुरू केला. तेथील बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो. पुण्याकडची बाळे हाडापेराने आणि स्नायूंनी लहान होती. मात्र त्यांची चरबी त्या मानाने टिकून होती. बारीक दिसणारे, पण आतून मेद बाळगणारे शरीर जन्मापासूनच घडत होते.

१०. याच डॉ. याज्ञिकांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच उदाहरणे मांडली. दोघांचाही बीएमआय २२.३. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दोघांसाठी वजनकाटा सारखा, शरीर मात्र वेगळे. पिढ्यानपिढ्या कमी अन्नावर घडलेल्या देहाला अचानक सुबत्ता मिळाली की तो लवकर आजारी पडतो, अशी या संशोधनाची दिशा आहे.

११. बीएमआय म्हणजे किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा. हे गणित बेल्जियमच्या केटले यांनी १८३० च्या दशकात मांडले. त्याला आजचे नाव दिले ॲन्सेल कीज यांनी, १९७२ साली. महाराष्ट्र दुष्काळात होरपळत होता त्याच वर्षी. कीज हे अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाचे. आणि वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेचा आरंभही त्याच विद्यापीठातून झाला.

१२. १९५४ साली तेथील क्रेमेन, लिनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान आतड्याचा मोठा भाग वगळल्यास काय होते याचे प्रयोग प्रसिद्ध केले. अन्न आतड्यातून जाताना शोषले जाते; वाटच आखूड केली तर शोषण कमी आणि वजनही कमी. तर्क सरळ होता. पुढील दोन दशकांत हजारो रुग्णांवर ही ‘आतड्याच्या वळणरस्त्या’ची शस्त्रक्रिया झाली. वजने उतरली. वाहवा झाली.

१३. मग रुग्ण परत येऊ लागले. न थांबणारे जुलाब, मूतखडे, सांधेदुखी, जीवनसत्त्वांची कमतरता आणि काहींमध्ये यकृत निकामी होणे. शस्त्रक्रिया तांत्रिकदृष्ट्या बिघडलेली नव्हती. टाके नीट होते, जखम भरलेली होती. दोष दिसायला वर्षे जावी लागली. ज्यांची नियमित तपासणी होत होती त्यांचे आजार लवकर सापडले, इतरांचे उशिरा. १९८० च्या सुमारास ही पद्धत मागे पडली. या क्षेत्राने शिकलेला हा पहिला आणि सर्वांत महाग धडा.

१४. दुसरी वाट आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन यांनी काढली. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या रुग्णांचे वजन पुन्हा सहजी वाढत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले होते. १९६६ साली त्यांनी जठराचा वरचा लहान भाग वेगळा करून तो थेट लहान आतड्याला जोडला. हीच गॅस्ट्रिक बायपासची सुरुवात. आजच्या रूपात या पिशवीची क्षमता साधारण ३० मिलिलीटर, म्हणजे चहाच्या छोट्या कटिंगपेक्षाही कमी असते.

१५. मेसन यांचे मोठेपण केवळ शस्त्रक्रिया शोधण्यात नाही. १९८६ साली त्यांनी या शस्त्रक्रियांची एक नोंदवही उभी केली : कोणत्या रुग्णावर काय केले आणि पुढे त्याचे काय झाले, याचा एकत्र हिशेब. स्वतःच्याच पद्धतींतील उणिवा पाहून त्या बदलण्याची त्यांची तयारी होती. ज्या सर्जनकडे नोंदी नाहीत, त्याच्याकडे केवळ आठवणी असतात. आणि आठवणीत यशस्वी रुग्णच जास्त राहतात.

१६. १९९१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तज्ज्ञांना एकत्र बसवून नियम आखले. बीएमआय ४० किंवा अधिक, अथवा ३५ किंवा अधिक आणि सोबत गंभीर आजार, अशांचाच विचार व्हावा. रुग्णाची निवड एकट्या सर्जनने नव्हे, तर वैद्य, आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांच्या चमूने करावी. सर्जन अनुभवी असावा. आणि रुग्णाची वैद्यकीय देखरेख आयुष्यभर चालावी. आतड्याच्या वळणरस्त्याने जे शिकवले, ते येथे नियम झाले.

१७. याच सुमारास मुंबईत एक वेगळी क्रांती घडत होती. १९९० साली जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची भारतातील पहिली शस्त्रक्रिया केली. पोट उघडण्याऐवजी चार-पाच छोटी छिद्रे. लठ्ठ रुग्णाच्या बाबतीत हा फरक फार मोठा ठरतो. कारण पोटावरचा लांब छेद चिघळणे आणि तेथे हर्निया होणे, ही जुन्या शस्त्रक्रियेची मोठी दुखणी होती. १९९३–९४ मध्ये अमेरिकेत विटग्रोव्ह आणि क्लार्क यांनी गॅस्ट्रिक बायपासही दुर्बिणीतून करून दाखवला.

१८. आज भारतात जास्त ऐकू येणारे नाव ‘स्लीव्ह’. यात जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कायमचा काढून सदऱ्याच्या बाहीसारखी अरुंद नळी ठेवतात. तिचा जन्म योगायोगाचा आहे. २००० च्या सुमारास अतिशय वजनदार रुग्णांना मोठी शस्त्रक्रिया एका दमात झेपत नसे, म्हणून मिशेल गान्ये आणि सहकाऱ्यांनी ती दोन टप्प्यांत विभागली. पहिल्या टप्प्यानंतरच अनेकांचे वजन इतके उतरले की दुसऱ्याची गरज उरली नाही. तात्पुरती पायरीच मुक्काम झाली.

१९. या शस्त्रक्रिया केवळ पोट लहान करतात असे नाही. भुकेचे आणि तृप्तीचे संदेश देणारी संप्रेरकेही त्याने बदलतात. म्हणूनच अनेकांची रक्तातील साखर वजन पुरेसे उतरण्याआधीच सुधारू लागते. स्वीडनमध्ये १९८७ पासून २,०१० शस्त्रक्रिया झालेले आणि २,०३७ न झालेले रुग्ण यांची तुलना होत राहिली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार शस्त्रक्रिया गटातील मृत्यूचा धोका सुमारे २९ टक्क्यांनी कमी आढळला. लाभ खरा आहे. पण तो सिद्ध झाला तोही वर्षानुवर्षे रुग्णांचा माग ठेवल्यामुळेच.

२०. महाराष्ट्रात या विषयाची जाहीर चर्चा वाढली ती राजकारण्यांमुळे आणि एका परदेशी रुग्णामुळे. २०११ साली नितीन गडकरी यांनी मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली आणि पुढे त्याविषयी मोकळेपणाने सांगितले. त्यानंतर आले २०१७ साल. इजिप्तच्या अलेक्झांड्रिया शहरातील इमान अहमद ही ३६ वर्षांची स्त्री अनेक वर्षे घराबाहेर पडू शकली नव्हती. तिचे वजन सुमारे ५०० किलो असल्याचे सांगितले जात होते.

२१. तिच्यासाठी सर्जन सापडला तो मुंबईत. व्हिसा अडला तेव्हा डॉ. मुफझल लकडावाला यांनी ट्विटरवरून तत्कालीन परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांना साकडे घातले आणि तो मिळाला. ११ फेब्रुवारी २०१७ रोजी ती मालवाहू विमानाने मुंबईत उतरली. चर्नी रोडच्या सैफी रुग्णालयात तिच्यासाठी खास खोली उभारण्यात आली. आधी काही आठवडे आहाराने वजन उतरवून मार्चमध्ये स्लीव्ह शस्त्रक्रिया झाली. वजन घटल्याचे आकडे रोज बातम्यांत येत होते.

२२. एप्रिलमध्ये तिच्या बहिणीने या आकड्यांवर आणि प्रकृतीविषयीच्या दाव्यांवर जाहीर आक्षेप घेतला; डॉक्टरांनी तो फेटाळला. मेच्या सुरुवातीला तिला अबुधाबीला हलवण्यात आले. २५ सप्टेंबर २०१७ रोजी तेथेच तिचे निधन झाले. हृदय आणि मूत्रपिंडाचे विकार त्यामागे असल्याचे तेथील रुग्णालयाने सांगितले. दोषाचा निवाडा हा इतिहासाच्या या धाग्याचा विषय नाही. पण एक गोष्ट उघड झाली : वजन उतरणे आणि माणूस बरा होणे या दोन गोष्टी नेहमी एकच नसतात, आणि शस्त्रक्रियेपूर्वी कुटुंबाला नेमके काय अपेक्षित आहे हे स्पष्ट झालेले असावे लागते.

२३. आता पुन्हा पेठेकडे. येथून शोध सुरू करणाऱ्याने पहिली पायरी कोणती घ्यावी? पुण्यातील फलक वाचण्याची नव्हे, तर आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे किंवा मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात जाऊन उंची, वजन, कमरेचा घेर, रक्तदाब आणि साखर मोजून घेण्याची. थायरॉइडची तपासणीही व्हावी. घोरणे, झोपेत श्वास अडकणे, गुडघेदुखी, घेतलेली औषधे, वजन उतरवण्याचे आजवरचे प्रयत्न असे सारे एका वहीत लिहावे. ही वही पुढे फार कामी येते.

२४. भारतीय शरीरासाठी मर्यादा वेगळ्या असाव्यात, असे भारतीय तज्ज्ञांनी २००९ च्या सहमतीपत्रात मांडले : बीएमआय ३७.५, किंवा सोबत आजार असल्यास ३२.५. म्हणजे १६० सेंटिमीटर उंचीच्या माणसासाठी अनुक्रमे ९६ किलो आणि सुमारे ८३ किलो. २०२२ साली आंतरराष्ट्रीय संघटनांनीही १९९१ च्या मर्यादा खाली आणल्या आणि आशियाई लोकांसाठी २७.५ पासून विचार होऊ शकतो असे म्हटले. सहा खेड्यांतल्या बाळांनी जे दाखवले, तेच येथे आकड्यांत उतरले.

२५. मात्र विम्याचे गणित मागेच राहिले. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली ठरवलेल्या प्रमाणित शब्दरचनेत लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेचा खर्च मिळण्यासाठी वय १८ किंवा अधिक, डॉक्टरांचा सल्ला, आणि बीएमआय ४०, अथवा ३५ आणि हृदयविकार, तीव्र स्लीप ॲप्निया किंवा आटोक्यात नसलेला मधुमेह यांसारखा गंभीर आजार, तसेच आधीचे सौम्य उपाय निष्फळ ठरल्याची अट आहे. वैद्यकाने पात्र ठरवलेला माणूस विम्यात अपात्र ठरू शकतो. शेत गहाण टाकण्याआधी पॉलिसीचा कागद वाचून घ्यावा, तो यासाठी.

२६. मग सर्जनची पारख. नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे आहे का, हे तपासता येते. शस्त्रक्रियाशास्त्रातील एम.एस. किंवा तत्सम पदवी, दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचे प्रशिक्षण, आणि या क्षेत्रातील राष्ट्रीय संघटनेचे सदस्यत्व ही पहिली चाळण. पण खरी चाळण इतिहासाने शिकवलेल्या प्रश्नांची. अशा किती शस्त्रक्रिया आपण स्वतः केल्या? त्यांतील किती रुग्ण पाच वर्षांनंतरही तपासणीला येतात? गुंतागुंत किती जणांना झाली? नोंद कोठे ठेवता?

२७. पुढचे प्रश्न निवडीचे. माझ्यासाठी स्लीव्ह का, बायपास का नाही? तीव्र आम्लपित्त असलेल्याला स्लीव्हने त्रास वाढू शकतो. बायपासमध्ये जीवनसत्त्वांची कमतरता अधिक जपावी लागते. शस्त्रक्रिया केलीच नाही तर काय? २०२५ पासून भारतात वजन उतरवणारी नवी इंजेक्शनेही अधिकृतपणे मिळू लागली आहेत. त्यांचा विचार झाला का? पहिल्याच भेटीत तारीख ठरवून आगाऊ रक्कम मागणाऱ्यापेक्षा, ‘आधी या तपासण्या करा, आहारतज्ज्ञांना भेटा, मग ठरवू’ म्हणणारा सर्जन १९९१ च्या नियमांशी अधिक प्रामाणिक असतो.

२८. तयारीचा काळही शस्त्रक्रियेचाच भाग. रक्ताच्या तपासण्या, सोनोग्राफी, अनेकदा एंडोस्कोपी, झोपेची तपासणी, मानसोपचारतज्ज्ञांची भेट. बिडी, तंबाखू आणि मिश्री बंद. जोडाच्या जागी अल्सर होण्याचा धोका तंबाखूने वाढतो. शस्त्रक्रियेपूर्वी साधारण दोन आठवडे कमी उष्मांकांचा आहार देतात, कारण मेदाने सुजलेले यकृत आकसले की दुर्बिणीला जागा मिळते. ज्या स्त्रीला मूल हवे आहे तिला शस्त्रक्रियेनंतर साधारण १२ ते १८ महिने थांबण्याचा सल्ला दिला जातो.

२९. नंतरचे पहिले काही आठवडे पातळ पदार्थ, मग मऊ अन्न, मग घोटाघोटाने आणि घासाघासाने शिकायचे नवे जेवण. भाकरीआधी डाळ, मटकी, दही, पनीर, अंडे, कारण प्रथिने आधी. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या आयुष्यभर. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या औषधांचे प्रमाण डॉक्टरांना वरचेवर बदलावे लागते. ते स्वतः ठरवू नये. पहिल्या वर्षी दर काही महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी तपासणी. पेठेहून पुण्याच्या या खेपा, त्या दिवसांची बुडालेली मजुरी आणि गोळ्यांचा खर्च हे सारे आरंभीच्या हिशेबात धरले पाहिजे.

३०. आणखी एक प्रश्न खेड्यातल्या रुग्णाने आवर्जून विचारावा : रात्री त्रास झाला तर फोन कोण उचलेल? सुरुवातीच्या दिवसांत नाडी जलद चालणे, ताप, वाढती पोटदुखी, धाप लागणे ही जोडातून गळती होत असल्याची किंवा रक्ताची गुठळी झाल्याची चिन्हे असू शकतात. वारंवार उलट्या होत राहिल्या तर बी-१ जीवनसत्त्व कमी होऊन मेंदूला इजा पोहोचू शकते. काय शस्त्रक्रिया झाली आहे हे लिहिलेला कागद खिशात असला, तर मंचरच्या किंवा राजगुरुनगरच्या डॉक्टरलाही पहिले उपचार तातडीने करता येतात.

३१. १७९४ च्या त्या मासिकात रुग्णाचे नाव होते, शस्त्रवैद्याचे नव्हते. आज नेमके उलट झाले आहे. सर्जनचे नाव महामार्गाच्या फलकावर असते. त्याच्या रुग्णांचे दहा वर्षांनी काय झाले, हे मात्र कोठेही लिहिलेले नसते. पुण्याच्या त्या कुंभाराकडे नाव नसले तरी त्याच्या कामाची साक्ष देणारे चेहरे होते. आजच्या शोधकर्त्यानेही तेच मागावे : फोटो नव्हे, नोंदी. जुना रुग्ण भेटवता येईल का, असे विचारावे. आणि तो सहा महिन्यांपूर्वीचा नव्हे, सहा वर्षांपूर्वीचा असावा.

३२. आणि अखेरीस ती वही. पहिल्या दिवसाचे वजन, साखर, औषधे तिच्यात लिहिलेली असतील. पुढची पाने दर तपासणीला भरत जावीत. मेसन यांनी आयोवात जी नोंदवही उभारली, तिची ही घरगुती प्रत. ती भरून देण्याचा आग्रह धरणारा सर्जन मिळाला, तर शोध योग्य ठिकाणी पोहोचला असे समजावे.